चिनी डोंगरांचा तास

चिंचणीच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले तेव्हा पालघरला आईजवळ राहत होते. सकाळच्या गाडीने बोईसर, तिथून एसटी, आणि पुढे बाजारातून चालत शाळा. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. बोईसरला नवे कारखाने उभे राहत होते आणि एसटीत मराठीइतकीच हिंदी ऐकू यायची. चिंचणीला उतरलं की मात्र सुकत घातलेल्या मासळीचा वास यायचा आणि वाडीतून निघालेल्या भाजीच्या पाट्या दिसायच्या.

आमच्या शाळेत चित्रकलेचे एक सर होते. मूळचे माकुणसारचे, लग्न न केलेले, पन्नाशीला टेकलेले. मुंबईला चित्रकला शिकून आले होते आणि चिंचणीत एका खोलीत भाड्याने राहत. शिक्षकांच्या खोलीत त्यांच्याविषयी फारसं बरं बोललं जात नसे. शेजारून कोणी नमस्कार केला तरी ते बघत नसत, शिपायाने बाजूने चहाचा कप पुढे केला तरी हात पुढे येत नसे. ‘शिष्ट माणूस’ असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. मलाही तसंच वाटायचं.

एक दिवस मधल्या सुट्टीत त्यांनी माझ्यासमोर एक मोठं, कापडी बांधणीचं पुस्तक ठेवलं. आत जुनी चिनी चित्रं होती आणि प्रत्येक चित्राच्या बाजूला एका जुन्या चिनी कवितेचं इंग्रजी भाषांतर होतं. डोंगर, धुकं, पाण्याच्या कडेला एवढीशी झोपडी, आणि पानाचा अर्ध्याहून जास्त भाग कोरा.

“बाई, ह्यांचं मराठी करून द्याल? मुलांना शिकवायच्यात.”

“चिनी कविता? आठवीच्या मुलांना?”

“निसर्गचित्राला चिनी लोक ‘डोंगर-पाणी’ म्हणतात. डोंगर आणि पाणी आपल्या मुलांना कळतं की.”

“तुम्हीच का नाही करत?”

“अक्षर फार बारीक आहे. डोळे दुखतात माझे.”

मी पुस्तक घरी नेलं. त्या कविता वाचताना पहिल्यांदा माझी निराशाच झाली. त्यांत काही घडतच नव्हतं. कोणी मित्राला निरोप देऊन परत फिरतोय, कोणी पुलावर उभा राहून पाण्याकडे बघतोय, संध्याकाळ होतेय, संपलं. माझ्या पहिल्या मराठीत मी पदरची विशेषणं घातली. सरांनी मला ती वाचून दाखवायला सांगितली आणि ऐकता ऐकता म्हणाले, “उदास हा शब्द काढा. त्याने संध्याकाळ म्हटलंय ना, मग पुरे.” मी काढला. आणि खरंच, तो काढल्यावर ती ओळ जास्त उदास झाली.

हेडमास्तरांनी कपाळाला आठ्या घातल्या. अभ्यासक्रमात नाही, परीक्षेत नाही, मग कशासाठी, असं त्यांचं म्हणणं. शेवटी शनिवारचा शेवटचा तास आम्हांला मिळाला, कारण त्या तासाला मुलं तशीही दप्तर भरून दाराकडेच बघत बसायची.

मी कविता वाचायची आणि सर फळ्यावर खडूने डोंगर काढायचे. खडू आडवा धरून एक हात फिरवला की कडा उभा राहायचा, बोटाने पुसलं की धुकं व्हायचं. मुलं मागच्या बाकावरून पुढे सरकायला लागली. वर्गात अर्धी मुलं मच्छीमारांची, अर्धी वाडीवाल्यांची. नावेत बसून धुक्यात निघून गेलेल्या माणसाची कविता मी वाचली तेव्हा एकाने हात वर केला.

“बाई, त्याला मासं गावलं का?”

“कवितेत तसं सांगितलेलं नाही.”

“मग गेलाच कशाला?”

वर्ग हसला. सरही हसले. “ते आपण शोधायचं,” म्हणाले.

बर्फाची मोठी अडचण झाली. मुलांना बर्फ माहीत होता तो बर्फाच्या कारखान्यातला, भुशात गुंडाळून टेंपोतून येणारा. तो आकाशातून पडतो हे काही त्यांना पटेना. “लादी पडली तर मानूस मरंल ना, सर,” असं एक जण अगदी काळजीने म्हणाला. मग सरांनी आम्हांला मिठागरावर नेलं. उन्हात मिठाचे ढीग पांढरेशुभ्र चमकत होते. “असं सगळीकडे आहे असं समजा. घरांवर, झाडांवर, वाटेवर. आणि काही आवाज नाही.” मुलं ढिगांकडे बघत उभी राहिली. सरांनी मात्र कपाळावर हात आडवा धरला होता आणि डोळे मिटून घेतले होते. ऊन लागत असेल, असं मी समजले.

दिवाळीनंतर त्यांनी मुलांना स्वतः लिहायला सांगितलं. चारच ओळी. त्यांत ‘मला वाटतं’ नको, ‘सुंदर’ नको. जे डोळ्यांना दिसलं तेवढंच. बहुतेकांनी सूर्य लिहिला, नारळाची झाडं लिहिली. मासळी विकणाऱ्या बाईची एक मुलगी होती, वर्गात तोंड न उघडणारी. तिने लिहिलं होतं:

सुकती लागली, पानी लांब गेलं.
आमची होडी चिखलात कलंडली.
तिच्या सावलीला कुत्रा निजलाय.
होडीत कोनी नाय.

सरांनी तो कागद अगदी नाकाजवळ धरला आणि डावीकडून उजवीकडे हळूहळू सरकवला. डोळे हलवण्याऐवजी ते कागद हलवत होते. मग म्हणाले, “पोरी, हे तू पाहिलंस ना?”

“हो सर. सकालीच.”

“मग असंच बघत राहा.” मुलीला काय करावं कळेना, ती उभीच राहिली.

जानेवारीतल्या एका शनिवारी ते झालं. मी कविता वाचत होते आणि सर फळ्यावर काढत होते. डोंगर झाला, खाली नदी झाली. आता नाव काढतो म्हणाले आणि ती त्यांनी डोंगराच्या माथ्यावर काढली. मग तिच्याखाली पाण्याच्या रेघा ओढल्या, आधीच्या कड्यावरून, झाडांवरून, सगळ्यावरून. काढलेलं त्यांना दिसतच नव्हतं. हातभर अंतरावरचं वाटोळं, बशीएवढं काहीतरी तेवढं दिसत असावं.

मी वाचायची थांबले. मला वाटलं आता वर्ग फिदीफिदी हसणार. कोणीही हसलं नाही. ती मासळीवालीची मुलगी उठली, फळ्याजवळ गेली आणि म्हणाली, “सर, मी पुसते. तुमी दुसरं काढा.” तिने डस्टर घेऊन फळा कोपऱ्यापर्यंत पुसला. सर खडू हातात धरून तसेच उभे होते. मग खुर्ची चाचपत बसले आणि मला म्हणाले, “बाई, आज नुसती कविताच वाचा.”

शाळा सुटल्यावर मी त्यांच्यासोबत बाजारापर्यंत चालत गेले. बाजूने सायकल आली की ते दचकत. तेव्हा त्यांनी मला सांगितलं. काचबिंदू होता. कडेकडून नजर जात चालली होती. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलेले थेंब ते घालत होते, पण उशीर झालेला होता.

“शाळेत सांगितलंत का?”

“चित्रकलेच्या शिक्षकाने काय सांगायचं?”

शिपायाचा तो चहाचा कप मला आठवत राहिला.

ते लपून राहणं शक्यच नव्हतं. मुलांनी घरी सांगितलं आणि गावभर झालं. हेडमास्तर वाईट नव्हते. त्यांनी सरांना केबिनमध्ये बोलावलं, चहा दिला, रजा घेऊन पुन्हा मुंबईला दाखवून या म्हणाले. सर महिनाभर मुंबईला होते. शस्त्रक्रिया झाली. परत आले ते काळा चष्मा लावून, आणि सोबत त्यांची बहीण होती. शस्त्रक्रियेने उरलेलं टिकेल असं डॉक्टर म्हणाले होते. ते टिकलं नाही.

वर्ष संपत आलं होतं. राजीनाम्यावर सही करायला ते शाळेत आले, तो शनिवार होता. मुलांनी मला गाठलं. “बाई, सरांना दर्यावर नेऊ या.” मी हेडमास्तरांना विचारलं, त्यांनी मान डोलावली.

आम्ही सगळे समुद्रावर गेलो. सरांचा हात त्या मुलीने धरला होता. सुरूच्या झाडांखाली त्यांना बसवलं आणि मुलं भोवती बसली. ओहोटी होती. कोणी न सांगता मुलांनी सुरुवात केली.

“सर, पानी लांब गेलंय. खडक उगडं पडल्यात.”

“सर, एक बाय शिंपल्या वेचते. पाटी डोक्यावर हाय.”

“सर, दूर एक बोट हाय, पन ती हालत नाय.”

“सर, ढग नाय आज.”

एकेक जण एकेक गोष्ट सांगत होता. ‘सुंदर’ असं कोणीही म्हणालं नाही. सर मान खाली घालून ऐकत होते आणि अधूनमधून विचारत होते, “कुठल्या बाजूला?” “पाटी रिकामी आहे का?” मी पाठ फिरवून पाण्याकडे बघत राहिले, कारण मुलांनी मला रडताना बघू नये असं वाटत होतं. मला तेव्हा वाटलं होतं की आपण ह्या माणसाला काहीतरी देऊ शकलो.

सर माकुणसारला बहिणीकडे राहायला गेले. पुढच्या पावसाळ्यानंतर मी त्यांना भेटायला गेले. सोबत ते पुस्तक होतं, शाळेतून जाताना त्यांनी ते माझ्याचकडे ठेवलं होतं. भाजीच्या वाडीत कौलारू घर, पुढे ओटा. सर ओट्यावर खुर्चीत बसले होते. दाढी वाढली होती. बहिणीने ओरडून सांगितलं, “अरे, शाळेतल्या बाई आल्यात तुझ्या.” डोळे गेले म्हणून घरातले सगळे त्यांच्याशी मोठ्याने बोलत.

मी नव्या वर्गाची हकिकत सांगितली. चिनी कवितांचा तास मी एकटीने चालू ठेवला होता. ती मुलगी नववीत शाळा सोडून आईबरोबर बाजारात बसायला लागली, तेही सांगितलं. ते नुसते हं म्हणाले. मग मी पुस्तक उघडलं आणि विचारलं, “एक नवीन केलीय. वाचू का?”

“नको.”

“छोटीच आहे.”

“बाई, नको म्हटलं ना.” मग ते हळू आवाजात बोलायला लागले. “मला आधीपासून ठाऊक होतं. तुमच्याकडे पुस्तक घेऊन आलो तेव्हाही. मला वाटलं, मुलांना बघायला शिकवलं तर पुढे ती मला सांगतील आणि माझं भागेल. त्यासाठीच तो तास मागितला. त्या दिवशी दर्यावर पोरांनी किती नीट सांगितलं, नाही? एक शब्द वावगा नाही. आणि मला काही म्हणजे काही दिसलं नाही. सांगितलेलं ते सांगितलेलंच राहतं. पोरांना कळू दिलं नाही मी. तुम्हीही सांगू नका.”

बहीण आतून चहा घेऊन आली. तिने कप त्यांच्या हातात दिला आणि त्यांची बोटं कपाच्या कानाभोवती नीट बसवली. आम्ही पावसाबद्दल बोललो, बोईसरच्या रस्त्याबद्दल बोललो. निघताना मी पुस्तक ओट्यावर ठेवायला गेले तर आवाजावरून त्यांना कळलं. “ते घेऊन जा,” म्हणाले. “इथे कोण बघणार?”

त्यानंतरही मी जात राहिले, पण दर वेळी थोडं कमी बसत असे. त्यांच्यापाशी बोलायला मला विषय सुचेना. बघितलेल्या गोष्टी टाळून बोलायचं म्हटलं की माणसाजवळ किती थोडं उरतं, हे मला त्या ओट्यावर कळलं. शाळेतला तासही पुढे बंद पडला. फळ्यावर डोंगर नसला की मुलं कंटाळायची. मी वाचत असायचे आणि ती दाराकडे बघायची. एका जूनमध्ये वेळापत्रकात तो तास खेळाला गेला आणि मी काही बोलले नाही.

सर गेले ते एकोणीसशे नव्वदच्या आसपास. माझी तेव्हा पालघरच्या शाळेत बदली झाली होती. त्यांचा भाचा स्टेशनवर भेटला आणि त्याने सांगितलं, तोवर दहावा होऊन गेला होता. रविवारी मी माकुणसारला गेले. ओट्यावरची खुर्ची कोणीतरी हलवली होती, तिथे आता वाळत घातलेल्या मिरच्या होत्या. बहिणीने मला आत बसवलं.

“शेवटी शेवटी बाहेर येईचना,” ती म्हणाली. “आत अंधारात बसून राहायचा. ओट्यावर बसला की येणारा-जाणारा थांबायचा. आज वाल फुलावर आलाय, आज आभाळ भरलंय, असं काय काय सांगायचा. लोक चांगल्या मनानेच सांगायचे, बाई. पण ते गेले की हा रडायचा.”

तिने डोळ्यांना पदर लावला. मी तिच्याजवळ बसून राहिले. मग तिने उठून मला थोडी वांगी बांधून दिली आणि वाडीच्या कडेपर्यंत पोचवायला आली.