कोकिळाबाईंचं आवक-जावकचं टेबल

शहाद्याजवळच्या मिरची उत्पादक संघात कोकिळाबाई सव्वीस वर्षं आवक-जावक सांभाळत होत्या. कार्यालयात ई-मेल सुरू झाला तेव्हा कुणा चेअरमननी 'मेलही आवक समजावा' असा शेरा मारला, आणि तो रद्द करायचं पुढे कुणाला सुचलं नाही. त्यामुळे मुख्य कार्यालयात येणारा प्रत्येक मेल बाई छापत, शिक्का मारत, नंबर घालत आणि ज्याचा त्याच्याकडे पाठवत. याला चार दिवस लागत.

येत्या सोमवारच्या सभेत हे टेबल बंद करून बाईंना मिरचीच्या गोदामात पाठवायचा विषय होता. तिथल्या तिखट धुळीनं त्यांना दम लागे.

त्याच आठवड्यात संगणकांची सुरक्षा तपासायला नाशिकहून दामिनी आली होती. तिनं सगळीकडे एक खोटा मेल धाडला: 'पगारवाढीची यादी पाहण्यासाठी चोवीस तासांत इथे दाबा.' सहा शाखा अकरा मिनिटांत फसल्या. मोलगीच्या शाखेत मेल आला, पण रेंजअभावी पुढचं उघडेना. तर रेवजी कारकून टेकडीवर चढले आणि तिथून दाबून आले. मुख्य कार्यालय मात्र गप्प.

दामिनी बाईंच्या टेबलाशी आली. "ताई, तुम्हाला संशय कशावरून आला?"

"कसाना संशय? पत्र खरंच वाटनं. सही नव्हती, म्हणून सही-शिक्कानं मूळ पत्र टपालनं धाडा, असं लिखी दिधं." बाईंचा चेहरा उतरला. "मन्हामुळे सगळास्नी पगारवाढ अडकनी का वं, पोरी?"

दामिनीनं अहवालात लिहिलं, कागदावर दाबायला काही नसतं. हे टेबल हलवू नये. शनिवारी तिनं तो मेलनं पाठवला आणि बाईंना फोन केला. "तुमच्याच टेबलाबद्दल आहे. आधी तेवढा चेअरमनसाहेबांकडे द्या."

"नंबरवर जाई," बाई म्हणाल्या.

सोमवारी सभा बसली. टेबल बंद करायच्या ठरावावर सह्या व्हायच्या होत्या. चेअरमन हेमकांत अण्णांनी बाईंना बोलावलं.

"त्या पोरीनं अहवाल धाडेल शे म्हणे. कोठे शे?"

"आवक झाया, साहेब. दोनशे सोळा नंबर. आज दोनशे नऊ चालू शे."

"त्यात काय लिखेल शे?"

"तुम्हना नावनं शे. मी कसं सांगू?"

 अण्णा सदस्यांकडे वळले. "म्हणजे मेलवर चोर उना तरी त्यालेबी बुधवारपर्यंत थांबनं पडी."

ठराव बारगळला. अहवाल बुधवारी पोचला.