एका बोअरची दोन पाणी

ती केस आठवली की आजही मी खुर्चीत सरळ बसतो. बायको म्हणते, "झालं, ठाणेदार ड्युटीवर आले." पण केस सांगायची तर माझ्या गावापासून सुरुवात करावी लागेल, कारण तपासाचे दोन्ही धागे मला तिथूनच मिळाले होते.

माझं गाव पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातलं. ज्यांनी हा पट्टा पाहिला नाही त्यांना सांगतो, जमिनीखालचं पाणी असं खारट की तुरीची डाळ कितीही वेळ चुलीवर ठेवा, दाणा तो दाणाच राहतो. साबणाला फेस येत नाही. आई गोड्या पाण्यासाठी नदीच्या पात्रात झिरा उकरायची आणि डोक्यावर घागरी घेऊन परतायची. बाप दुसऱ्याच्या शेतात रोजानं जायचा. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिला, आणि पदवी घेतलेला आमच्या आळीतला पहिला. हे मी मिरवून लिहितो, कारण ती पदवी माझ्या एकट्याची नाही.

कॉलेजसाठी अमरावतीला गेलो तेव्हा खोली पाहायला बाप सोबत आला. एका घरमालकानं खोली दाखवली, चहा पाजला आणि सहज विचारलं, "दसऱ्याले कुठं असता तुमी?"

बाप खुशीत म्हणाला, "नागपूरले. दीक्षाभूमीले. एक साल चुकवलं नाई."

मालकानं कप खाली ठेवला. मग त्याला आठवलं की ही खोली भाच्यासाठी ठेवलेली आहे. जिना उतरताना बाप मला म्हणाला, "काहून रे, हा भाचा अचानक कुठून आला?" पहिलं वर्ष मी गावाकडच्या एका शिपायाच्या घरी, पडवीत काढलं.

नोकरीच्या शेवटच्या टप्प्यात मी अकोल्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. एका सकाळी हजेरी आटोपून स्टेशन डायरी पाहत बसलो होतो, तर बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलापाशी एका बाईंचा आवाज चढला.

अंमलदार समजावत होता, "बाई, घर कोणाले विकावं हे मालकाच्या मर्जीवर. दिवाणी मामला हाय. वकील पाहा."

"मर्जी मले समजते," बाई म्हणाल्या. "जलमभर वॉर्डात लोकाईची मर्जीच सांभाळली मी. पण तो माणूस खोटं काहून बोलून राहिला, ते विचारा न त्याले."

मी त्यांना आत बोलावलं. सरकारी दवाखान्यात परिचारिका. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन गेलेली. सगळी नोकरी सरकारी क्वार्टरमध्ये गेली आणि निवृत्तीला तीन महिने उरले होते. क्वार्टर सोडायचं, तर जायचं कुठं? शहराबाहेरच्या नव्या लेआउटमध्ये तयार घरं विकायला होती. त्यातलं कोपऱ्यावरचं घर त्यांनी पसंत केलं. बँकेचं कर्ज मंजूर झालं. दलाल फोनवर "या ताई, बसा ताई" करत होता. समोर बसल्यावर मात्र म्हणाला, तिथलं बोअरचं पाणी खारं हाय, तुमाले झेपणार नाई. बाई म्हणाल्या, मी फिल्टर बसवीन. तर तो म्हणाला, पाणी सुधरलं की कळवतो.

"आणि त्याच लायनीत माह्या वॉर्डातल्या सिस्टरनं घर घेतलं, साहेब. तिच्या वास्तूच्या जेवणाले गेली होती मी. वरण लोण्यावानी शिजलं होतं."

खारपाणपट्ट्यातल्या पोराला याहून मोठा पुरावा काय द्यायचा? मी कागद पुढं ओढला.

"दलालानं आणखी काय विचारलं?"

"काई नाई. गाव विचारलं, आडनाव विचारलं. मंग दसऱ्याचं."

"दसऱ्याचं काय?"

"कुठं असता म्हणे दसऱ्याले. मी सांगतलं, नागपूरले."

माझं पेन थांबलं. अमरावतीच्या त्या जिन्यावर बापाला जे सांगता आलं नव्हतं, त्याचं उत्तर माझ्या टेबलावर येऊन बसलं होतं.

पण आठवण म्हणजे पुरावा नव्हे. जातीचा उच्चार कुणीच केला नव्हता. नागरी हक्क संरक्षण कायदा उघडून मी अंमलदारासमोर ठेवला. अस्पृश्यतेच्या कारणावरून कुणालाही कुठल्याही वस्तीत घर घेण्यापासून अडवणं हा गुन्हा, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं आहे. शिवाय पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल तर कारण तेच होतं असं कोर्ट गृहीत धरतं; नव्हतं, हे आरोपीनं दाखवायचं. अंमलदारानं दोनदा वाचलं आणि म्हणाला, "साहेब, हे तर आपल्या कपाटातच होतं." मी म्हटलं, "हो, दिवाणी मामल्याच्या खाली दबलं होतं."

मला आता खोटं सिद्ध करायचं होतं, आणि तिथं नशीब धावून आलं. ठाण्याची पाण्याची मोटर जळली होती. ती दुरुस्त करायला नेहमीचे मिस्त्री आले, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. लेआउटचं नाव माझ्या तोंडून निघताच चाचांनी पान्हा खाली ठेवला आणि हसायलाच लागले.

"साहब, वहाँ की मोटर मैंने उतारी. पहला पानी मैंने पिया, शक्कर जैसा. फिर मैंनेच मकान माँगा, तो दलाल बोलता, चाचा, पानी खारा है."

"एकच बोअर आहे का तिथं?"

"एकीच. सब घरों को एकीच लाइन."

मग मी जी युक्ती केली ती वऱ्हाडातच जमली असती. आमच्याकडे बरीच आडनावं कुणब्यांतही असतात आणि बौद्धांतही. माझ्या ठाण्यात एकाच आडनावाचे दोन शिपाई होते, एक या घरचा, एक त्या घरचा. दोघांना साध्या कपड्यात, वेगवेगळ्या वेळी, शिक्षक म्हणून पाठवलं. खिशात मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू. आडनावावरून दलालाला काहीच कळेना, म्हणून त्यानं दोघांनाही तोच प्रश्न टाकला. पहिला म्हणाला, "दसऱ्याले घरीच. सोनं वाटतो." त्याला गोड पाणी मिळालं, वर नमुना घराची किल्लीही. दुसरा म्हणाला, "नागपूरले." तर पाणी खारं झालं.

तो परत आला तेव्हा हसत नव्हता. "साहेब," तो म्हणाला, "नाटक करायले गेलो होतो, पण लागलं."

त्याच दिवशी बाईंची फिर्याद नोंदवून गुन्हा दाखल केला आणि दुसऱ्या दिवशी दोन पंच घेऊन साइट ऑफिसला गेलो. बोअरच्या पाण्याचा नमुना सीलबंद केला. टेबलाच्या खणात भेट देणाऱ्यांचं रजिस्टर सापडलं. नाव, गाव, फोन, आणि शेवटच्या रकान्यात फक्त एक अक्षर. कुणापुढे "खा", कुणापुढे "गो". जप्ती पंचनामा लिहिताना माझ्या हवालदाराचं अक्षर कधी नव्हे ते सुंदर आलं.

दलाल चौकशीला आला तो इस्त्रीच्या कपड्यात, गोड बोलत. अशा माणसाला दम देऊन उपयोग नसतो. त्याला बोलू द्यावं, तो स्वतःच दोर वळत जातो.

"हे खा आणि गो काय आहे?"

त्यानं तयारीच करून आणली होती. "साहेब, खा म्हणजे खाजगी नोकरी, गो म्हणजे गोर्मेंट. बँकेले लागते ते."

उत्तर चलाख होतं. हवालदारानं माझ्याकडे पाहिलं. मी रजिस्टर उलटवून परिचारिका बाईंच्या नावावर बोट ठेवलं. पुढे स्पष्ट "खा".

"सरकारी दवाखाना खाजगी कधी झाला?"

मग मी दोन शिपायांची नावं दाखवली. एकच आडनाव, दोघंही त्याच्या लेखी जिल्हा परिषदेचे शिक्षक, एक "खा", एक "गो". त्यानं खिशातून रुमाल काढला.

"साहेब, मी काई वाईट बोललो का कोणाले? चहा पाजला सगळ्याइले. बाकीचे गिऱ्हाईक नाराज होतेत, मी त्याइचं पाहू का नाई?"

"चहाचं पाणी कोणतं होतं, खारं का गोड?"

त्याला घोटभर पाणी हवं होतं. हवालदार ग्लास भरता भरता म्हणाला, "कोणतं देऊ, भाऊ?"

पुढे अ‍ॅट्रॉसिटी कायद्याची वाढीव कलमं लागली आणि नियमाप्रमाणे तपास उपविभागीय अधिकाऱ्यांकडे गेला. प्रयोगशाळेचा अहवाल आला, पाणी गोड. खालच्या कोर्टानं दलालाला दोषी ठरवलं. अपील चालू आहे, त्यावर मी बोलणार नाही.

एक गोष्ट मात्र बोललीच पाहिजे. चाचांसाठी मी कलम शोधून शोधून थकलो. तो कायदा अस्पृश्यतेपुरता. मुसलमान म्हणून घर नाकारलं तर खाजगी दलालाला धरायला माझ्या हाती नेमकं काही लागलं नाही. त्यांना मी साक्षीदार करू शकलो, फिर्यादी करू शकलो नाही. चाचा म्हणाले, "मतलब साहब, मेरा खारा कानून में नहीं बैठता?" याचं उत्तर कायदा करणाऱ्यांनी द्यावं.

या केसनं मला शिकवलं ते इतकंच. घर नाकारणारा माणूस शिवी देत नाही. तो चहा देतो, तब्येतीची काळजी करतो आणि एक छोटासा प्रश्न विचारतो. तक्रार घेणाऱ्यानं त्या प्रश्नापाशी थांबायला हवं. "दिवाणी मामला" हे शब्द लिहायच्या आधी बाईंना पुढचं एक वाक्य बोलू द्यायला हवं.

रजिस्टर जप्त झाल्यावर लेआउटच्या मालकाला अचानक सगळ्या घरांचं पाणी गोड लागू लागलं. कोपऱ्यावरचं घर अजून विकलं गेलं नव्हतं. निवृत्तीच्या आठवड्यात बाईंनी क्वार्टरची किल्ली दवाखान्यात जमा केली आणि आपल्या घराचं कुलूप उघडलं. पुढच्या वर्षी मागच्या लायनीत चाचांनीही घर घेतलं.

बाईंनी आम्हाला जेवायला बोलावलं. ते दोन्ही शिपाई शेजारी शेजारी बसले. वरण शिजलेलं होतं. निघताना मी दारावरची पाटी वाचली. तिच्यावर बाईंचं पूर्ण नाव आहे, आडनावासकट.