ढोमणेबाईंचा कानाचा तास

धंतोलीतल्या दवाखान्यात शालूताईला भेटायला गेले, त्या दुपारी मी मनाशी पक्कं ठरवून गेले होते, की आज सांगून टाकायचं. ऑटोत बसल्या बसल्या वाक्य दोनदा घोकलंसुद्धा. पहिलीच्या वर्गाला शिकवते मी, घोकायची सवय आहे. खोलीत शिरले तर ती खिडकीकडे तोंड करून, डोळे मिटून पडलेली. उन्हाचा एक पट्टा पांघरुणावर आला होता आणि त्यात तिचा हात होता, खडूने कोरडी झालेली बोटं तशीच. मला वाटलं, झोपली आहे. मी खुर्चीकडे दोन पावलं टाकली तेवढ्यात ती डोळे न उघडता म्हणाली, "कुंदा आली. उजवी चप्पल अजून घासतच चालते वं तू." मी म्हटलं, "शालूताई, मला तुला एक सांगायचं आहे..." तर तिने ओठांवर बोट ठेवलं. "चूप. दहा मिनिटं. ऐक फक्त." मग काय, बसलो दोघी डोळे मिटून. बाहेरच्या व्हरांड्यातून औषधांची ढकलगाडी गेली, तिचं एक चाक कुरकुरत होतं. खाली कुणीतरी ऑटोवाल्याशी भाड्यावरून वाद घालत होतं. शेजारच्या खाटेवर संत्रं सोलणं चाललं होतं... संत्र्याचं साल सुटताना आवाज होतो, हे मला तिनेच शिकवलं होतं. दहा मिनिटं संपली की बोलू, असं मी म्हणत राहिले. तेवढ्यात इंजेक्शन घेऊन सिस्टर आली, मग तिची मुलगी रश्मी आली, मग भेटायची वेळ संपली. चार दिवसांनी मधल्या सुट्टीत फोन बघितला तर रश्मीचे तीन मिस्ड कॉल. उलट फोन केला. "मावशी, आई गेली." माझ्या हातात अजून खडू होता. याला आता पाच आठवडे झाले. ते घोकलेलं वाक्य माझ्याजवळच राहिलं आहे.

आमच्या महाल भागातल्या शाळेत पहिलीच्या दोन तुकड्या. 'अ' शालिनी ढोमणेची, 'ब' माझी. मध्ये प्लायवूडचं पार्टिशन, वरती हातभर उघडं. सहा वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली, माझं आता एक वर्ष उरलं आहे. ती कन्हानकडची, शेतकऱ्याची लेक. इतकी वर्षं शहरात काढली तरी तिची बोली बदलली नाही आणि ती बदलावी असं तिला कधी वाटलंही नाही. मी महालातच वाढलेली, वडील कचेरीत कारकून, घरात शुद्ध बोलण्याचा भारी तोरा. तिचं 'मले-तुले' पोरांच्या कानावर पडतं म्हणून सुरुवातीला मी नाक मुरडायची. तिला ते दिसत असणारच. ती हसायची आणि म्हणायची, "देशकरबाई, पोट्टे घरी हेच बोलतात. आधी त्याहीचं बोलणं शाळेत येऊ द्या, मग तुमचं शिकवू."

तिच्या वर्गात सकाळी चिंचोके असायचे. पोरं दहादहाच्या ढिगाऱ्या करायची, मग एक ढिगारी मोडून दुसरीत घालायची, आणि ही सगळ्यांमधून गुडघ्यांवर सरकत फिरायची. वाळूच्या थाळ्या असायच्या, त्यात बोटाने अक्षर काढायचं आणि थाळी हलवून पुसायचं. चुकलेलं कुणाला दिसतच नाही, असं तिचं म्हणणं. हे सगळं मला पटायचं. पटायचा नाही तो तिचा कानाचा तास. मधली सुट्टी संपली, डबे धुऊन पोरं आली, की ती खिडक्यांची एकेक फळी लोटून घ्यायची. वर्गात हिरवट, पाण्याखालचा असावा तसा उजेड व्हायचा. पोरं डेस्कवर डोकं ठेवायची, डोळे मिटायची, आणि दहा मिनिटं कुणी काही करायचं नाही. ऐकायचं. मग एकेकाने सांगायचं, काय ऐकू आलं ते. नियम दोनच. ऐकलं त्याला हसायचं नाही आणि ऐकलं ते खोडायचं नाही. पोरांना लिहिता कुठे येतंय, म्हणून ती एका लांब वहीत वार घालून प्रत्येकाच्या नावापुढे ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलीच चारपाच वाक्यं फळ्यावर यायची. सोनूच्या घरी शिट्टी झाली. पाल चुकचुकली. ज्याचं वाक्य त्याने वाचायचं. पोरगं आपलंच बोलणं फळ्यावर बघून असं हरखायचं, की अक्षरं कधी ओळखीची झाली ते त्यालाही कळायचं नाही. तिच्या वर्गातली पोरं दिवाळीपर्यंत वाचायला लागायची. माझी संक्रांत उजाडवायची.

नेमकी त्याच वेळेला मी पाढे घ्यायची. जेवण झाल्यावर पोरं पेंगतात, तर त्यांना उभं करून, टाळ्या वाजवून, बे एके बे. आवाज छतापर्यंत गेला पाहिजे, हा माझा हिशेब. माझ्या वर्गाचे पाढे रस्त्यावर ऐकू जातात म्हणून पालक कौतुक करायचे आणि मी फुगायची. शाळेत लागून मला तिसरं वर्ष होतं. एक दिवस ढोमणेबाई दारात आल्या, पदराला हात पुसत, अगदी बिचकत म्हणाल्या, "देशकरबाई, ते पाढे... दहा मिनिटं पुढं ढकलता येतील का? पोट्ट्यांना दुसरं काहीच ऐकू नाही येऊन राहिलं." बस्स. माझं डोकंच सणकलं. म्हणजे मी शिकवते तो गोंगाट, आणि या पोरं झोपवतात ते शिक्षण? तोंडावर मी "बघते" एवढंच म्हटलं. आणि त्याच आठवड्यात, शुक्रवारी, हेडसर राउंडला आलेले असताना त्यांना व्हरांड्यात गाठलं, तिच्या लोटलेल्या खिडकीजवळ नेलं आणि म्हटलं, "बघा सर. भरदुपारी अख्खा वर्ग झोपवून ठेवलाय. पालकांनी बघितलं तर काय म्हणतील? उद्या तपासणीला कुणी आलं तर?" सर बिचारे आधीच तपासणीच्या नावाने दचकणारे. "सोमवारपासून बंद," म्हणाले. हेच ते. हेच मला सांगायचं होतं. इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही, आज सगळ्यांदेखत सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी शनिवार, सकाळची शाळा. ती माझ्या वर्गाशी आली. "देशकरबाई, आज माह्या वर्गात येता का? दहा मिनिटं. बसा फक्त. तुमची पोरंबी आणा, मावतील." मी पोरांना घेऊन गेले. दोन वर्गांची पोरं एका खोलीत दाटीवाटीने बसली, मी मागच्या डेस्कवर गुडघे पोटाशी घेऊन. तिने फळ्या लोटल्या. मी डोळे मिटले आणि आधी काही मिनिटं मला माझा रागच ऐकू येत होता. मग तो कुठे गेला देव जाणे. कबुतरं छपरावर चालत होती, त्यांची नखं वाजत होती. पलीकडच्या घरात कुणीतरी डाळ वाटत होतं. गल्लीतून एक सायकल गेली, तिची चेन सुटत सुटत... एका पोराचं नाक वाजत होतं. माझ्याच हातातली बांगडी माझ्या श्वासाबरोबर डेस्कला लागत होती, इतकी हळू. मी कुठे आहे, किती वर्षांची आहे, काही कळेना. कितीतरी वर्षांत मी अशी बसलेच नव्हते. मग फळ्या उघडल्या, ऊन आत आलं, पोरं एकेक सांगायला लागली आणि शेवटी एका चिमुरडीने मला विचारलं, "बाई, तुमाले काय ऐकू आलं?" सगळा वर्ग वळून बघतोय. मी ताठ्यात म्हटलं, "काही नाही." पोरगी म्हणाली, "बाई खोटं बोलून राहिल्या." ढोमणेबाईंनी तिला गप्प केलं आणि मान खाली घालून वहीत काहीतरी लिहिलं.

सोमवारी कानाचा तास बंद झाला. परीक्षा होईपर्यंत बंदच राहिला. ती हेडसरांशी भांडली नाही, माझ्याशी अबोला धरला नाही. पुढच्या जूनमध्ये तिने वेळापत्रकात 'श्रवण कौशल्य विकास' असं लिहून सरांपुढे ठेवलं. सर खूश झाले, म्हणाले हे काहीतरी नवीन दिसतंय, आणि सही केली! मी न सांगता माझे पाढे दुपारच्या शेवटच्या तासाला नेले. हळूहळू ढोमणेबाईची शालूताई झाली, डबे एकत्र उघडायला लागलो. तिच्या पाटोड्या आणि माझं लोणचं. ती मनकवडीच आहे असं मला वाटायचं. माझा घसा बसला, की मी कुणाला सांगायच्या आत ती मधल्या सुट्टीत ज्येष्ठमधाची काडी माझ्या हातावर ठेवायची. "चघळ वं, बोलू नको." सासूबाई गेल्या त्या वर्षी मी वर्गात आवाज न करता रडायची, तर पार्टिशनच्या दाराशी येऊन म्हणायची, "कुंदा, तुहे पोट्टे घेऊन ये इकडे. आज दोन्ही वर्ग माह्याकडे." मी विचारायची, "तुला कसं कळतं गं सगळं?" ती म्हणायची, "मी कायले काही समजून राहिली, बाप्पा!" अशा प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सांगावं. आणि प्रत्येक वेळी वाटायचं, उद्या सांगू. एवढं चांगलं चाललंय, कशाला खपली काढा. भित्री मी. पोरांना खरं बोला म्हणून शिकवत आले आणि स्वतः आयुष्यभर भित्री.

तेरवी झाल्यावर रश्मी एक पिशवी घेऊन घरी आली. "मावशी, आईनं सांगून ठेवलं होतं, ह्या वह्या कुंदाले द्या." त्या लांब वह्या. सगळ्या. मी दुपारी पलंगावर पाय पसरून वाचायला बसले आणि संध्याकाळ कधी झाली ते कळलं नाही. कितीतरी पोरांच्या दुपारी त्यात झोपलेल्या. चेतन, बाईच्या पोटात गुडगुड झालं. रोशनी, पाणी पिऊन माठ हासला. आणि पानापानावर मी. पलीकडच्या बाई पाढे म्हणते. पलीकडच्या बाई हासली. पलीकडच्या बाईचा घसा बसला. पलीकडच्या बाई रडून राहिली, पण आवाज नाही येऊन राहिला. म्हणजे हे असं होतं तर! मनकवडी वगैरे काही नाही. पोरं सांगायची आणि ती ज्येष्ठमध घेऊन यायची.

मग मी माझ्या त्या तिसऱ्या वर्षाची वही शोधली.  त्या शुक्रवारचं पान. सातवं की आठवं नाव पिंकीचं. तीच ती चिमुरडी. त्यापुढे शालूताईच्या गोल अक्षरात, पिंकीच्याच शब्दांत : "पलीकडच्या बाई हेडसरले सांगून राहिल्या का आमच्या बाई पोरं झोपवते." खोडलेलं नाही. ऐकलं ते खोडायचं नाही. त्याखालचं पान शनिवारचं, दोन्ही वर्गांची नावं दाटीवाटीने, आणि सगळ्यांच्या शेवटी : "देशकरबाई, काही नाही."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. त्या शनिवारी तिने मला बोलावलं, तेव्हाच माहीत होतं. माझ्या हाताने जे बंद पडणार होतं, ते शेवटच्या दिवशी तिने मला ऐकवलं, आणि मी काय म्हटलं तर काही नाही. त्यानंतर सोमवार. वार घातलेला, नावं घातलेली, पुढे कोरं. मंगळवार, कोरं. परीक्षेपर्यंत रोजचं पान, रोजची सगळी नावं, आणि नावांपुढे काही नाही. मी ती पानं एकेक करून उलटली आणि तोंडात पदर धरून रडले. माझ्यावर एक शब्द लिहिला असता तरी बरं वाटलं असतं. दवाखान्यात तिने मला बोलू दिलं नाही, ते मी सांगणार ते तिला आधीच माहीत होतं म्हणून, की मला ते बोलायचे कष्ट पडू नयेत म्हणून? आता कुणाला विचारू...

सोमवारी ती वही दप्तरात घालून शाळेत नेली. मधल्या सुट्टीनंतर मी फळ्या लोटल्या. पोरं आधी खुसखुसली, मग डेस्कवर डोकी ठेवून शांत झाली. तो हिरवट उजेड आला, छपरावर कबुतरं चालायला लागली. पार्टिशनच्या पलीकडे, शालूताईच्या खोलीत, आता तिशीची एक नवी बाई आहे, तडफदार, जरा फटकळ. ती पाढे घेत होती, टाळ्या वाजवून. माझ्या पोरांना दुसरं काही ऐकू येत नव्हतं. सुरुवातीची ती वर्षं शालूताईला काय ऐकू येत होतं, ते मी पहिल्यांदा तिच्या बाजूने ऐकलं. फळ्या उघडल्यावर पोरांनी सांगितलं ते मी त्या पहिल्या कोऱ्या सोमवारात लिहून घेतलं, जुन्या नावांच्या शेजारी नवी नावं. मग एकाने विचारलं, "बाई, तुम्हाला काय ऐकू आलं?"

मी सांगितलं, आणि त्याच्यासमोरच वहीत लिहिलं : "देशकरबाई, पलीकडच्या बाईंचा घसा बसला आहे." मग पर्समधून ज्येष्ठमधाची काडी काढली आणि पलीकडे गेले.