आप्पांनी हलवलेला फणस

रत्नागिरीचे आप्पा निवृत्त झाल्यापासून एसटीने हिंडतात आणि लोकांची घरं रंगवतात. म्हणजे कागदावर, जलरंगात. नोकरी सगळी जमीनमोजणीत गेली. हयातभर ज्यांना बांधावरचा दगड बोटभर सरकवता आला नाही, ते आता माड, विहिरी, प्रसंगी डोंगरसुद्धा चित्रात बरा दिसेल तिथे नेऊन ठेवतात. पेन्शनीत एवढी चैन चालते.

यंदा बुरोंडीला सदूच्या घरासमोर त्यांनी स्टूल मांडलं. जांभ्या दगडाच्या चिऱ्याची भिंत, तिच्यावर सकाळचं तिरपं ऊन. चिरा आप्पांना कधी साधला नव्हता. दर वेळी त्याची वीट व्हायची. आज साधला! त्या खुशीत भिंतीच्या आड येणारा फणस त्यांनी उचलला आणि गडग्याच्या दगडी कुंपणापलीकडे लावून टाकला.

मागून सदूने वाकून पाहिलं. "आप्पा, फणस विनीतला दिलात?"

विनीत म्हणजे सदूचा चुलतभाऊ. घर सदूचं, गडग्यापलीकडचं माडांचं आगर विनीतचं आणि गडग्यालगतचा फणस कोर्टात.

"अरे, चित्र आहे हे."

"असेल. पण काढणारा मोजणीवाला ना!"

गडग्यावर विनीतचं डोकं उगवलं. "बघू, बघू. वा! आप्पा, खाली सही करा. तारीखसुद्धा घाला."

"कागदाला हात लावून बघ, मेल्या!" सदू ओरडला. "आप्पा, झाड होतं तिथे आणा."

होतं तिथे म्हणजे थेट भिंतीवर. आप्पांनी कागद जवळ ओढला.

सदूची बायको विमला पडवीत तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "दोन काढा की. एक ह्यांना, एक भावोजींना. कागदावरच्या झाडाला कुठे खत घालायचंय?"

"आणि माझी भिंत?" आप्पा म्हणाले.

"भिंतीवरनं भांडण नाही हो आमचं."

आप्पांनी हिरवा कालवला. साधलेला चिरा पानापानाने झाकत गेला. मग दोघांनी मोबाइल काढले. प्रत्येकाने आपल्या बाजूचाच फणस टिपला. सदूने खूश होऊन चहा सांगितला, विनीतला सोडून.

आप्पांनी नवा कागद लावला. "विमलाताई, मागच्या भिंतीवर ऊन कधी येतं?"

"दुपारनंतर."

"तिकडे झाड?"

"शेवगा आहे. पण त्याच्यावर दावा नाही अजून."

आप्पांनी स्टूल उचललं.