न ओळखलेली खिरापत

सोमवारी मेलबर्नमध्ये रस्ता ओलांडताना माझ्या धाकट्या बहिणीला गाडीची धडक बसली आणि ती वारली. अकोल्यात तेव्हा दुपार होती. मी कॉलेजच्या ग्रंथालयात कामावर होते.

ती तिकडे कलादालनांत काम करायची. कुठल्याही शहरात नवं प्रदर्शन लागलं की फोन हातात धरून मला त्यातून फिरवायची. सिडनीत एक खोली नुसत्या मिठाने भरलेली होती. ॲडलेडला कोणी भिंतींवर नदीचा गाळ लिंपला होता. मला त्यातलं फारसं कळत नसे. मी तिच्या पावलांचा आवाज ऐकत असे.

मग मेलबर्नला तिचं स्वतःचं काम मांडलं गेलं. अमरावतीहून नेलेले स्टीलचे सात डबे, प्रत्येकावर आईचं नाव कोरलेलं. लहानपणी भुलाबाईची गाणी संपली की घरची बाई बंद डबा हलवायची आणि आम्ही मुली आवाजावरून आतली खिरापत ओळखायचो. तोच खेळ तिने टेबलावर ठेवला होता. डबा हलवा, ओळखा, अशी पाटीही होती.

अपघाताच्या आदल्या दिवशी, रविवारी तिचा फोन आला.

"ताई, कोनी हातच नाही लावून राहिलं वं! हात मांगं बांधून निस्ते पाहून राहिले. तूच ओळख."

तिने एकेक डबा फोनजवळ हलवला. खारका, फुटाणे, मुरमुरे. सहा मी भराभर ओळखले. सातव्यात काहीतरी हलकं, कोरडं होतं. एकदा सरकायचं आणि थांबायचं.

"सरकी?"

"अंहं."

"चिंचोके?"

"चिंचोके असे वाजतात काय वं? हरली म्हन, मंग सांगतो."

"मी कावून हरू? उद्या सांगतो तुले."

दीड महिन्याने तिच्या मैत्रिणीने डबे अमरावतीला आईकडे पाठवले. कशात काय भरलं आहे, ते बहिणीने तिकडे कोणालाच सांगितलं नव्हतं. मी शनिवारी पोचले, तेव्हा सातही डबे अंगणात उन्हाला उपडे घातलेले होते.

"माह्येच डबे हायेत," आई म्हणाली. "वास मारून राहिले होते. घासून टाकले."

"आतलं?"

"फेकलं. जुनं होतं."

"एकात काही हलकं होतं का?"

आईने बराच वेळ आठवून पाहिलं. "नाही सांगता येत, बाई. म्या नाव पायलं फक्त."

कचऱ्याची गाडी सकाळीच येऊन गेली होती. रविवारच्या फोनचं मी आईला सांगितलं नाही. डबे पुसून आत आणले. सगळे सारखेच, सातवा कोणता, ते आता कळायला मार्ग नव्हता.

निघताना त्यातला एक मी मागून घेतला. रिकामा डबा हाती देऊ नये, म्हणून आईने त्यात दोन मुठी तूरडाळ घातली.

तो डबा माझ्या टेबलावर आहे. आत तूरडाळ आहे.