असिस्टंट कोचची ऑर्डर

बाकावर बसून राहणाऱ्या माणसाकडे किस्से फार साठतात. खेळणारे खेळून मोकळे होतात, हेड कोच ओरडून मोकळा होतो. असिस्टंट कोचने करायचं काय? दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईत सांगलीच्या एका कॉलेजात मी बास्केटबॉलचा असिस्टंट कोच होतो. एका जागी दोन मिनिटं न टिकणाऱ्या माणसाला देवानं नेमकी बाकावरची नोकरी दिली!

*

पुण्याहून खेळ शिकून आलो तेव्हा वर्षभरात हेड कोच होणार याची मला खात्रीच होती. हेड कोच म्हणजे आमचे सुभेदार, पलटणीतून रिटायर झालेले. पहिल्या दिवशी मी गळ्यात शिट्टी घालून हजर. त्यांनी माझ्या हातात शेणाची बादली दिली! ग्राऊंड मातीचं, दर शनिवारी सारवावं लागायचं.

"सुभेदारसाहेब, मी कोच आहे."

"म्हणून तर सारव! जो सारवतो त्यालाच कळतं, बॉल कुठं उडत न्हाई त्ये!"

सारवलं बापड्यानं. पण खरं सांगतो, एवढं कामाचं वाक्य मला पुण्यातही कुणी सांगितलं नव्हतं.

*

पोरं सगळी तालमीतली. त्यातला आष्ट्याचा बाळू म्हणजे नुसता बुरूज. पहिल्याच प्रॅक्टिसला त्याच्या हातात बॉल आला आणि समोरच्या पोरानं तो धरला. बाळूनं बॉलसकट पोरगा उचलला!

"सोड, बाळ्या, सोड!" मी मैदानात धावलो.

बाळू दोघांना अधांतरी धरून शांतपणे म्हणाला, "आदी कुणाला सोडू, सर?"

*

मॅच सुरू झाली की मला बसवत नसे. सारखा उठायचो, आणि पोरं खेळ सोडून माझ्याकडे बघायची. सुभेदारांनी यावर उपाय काढला. माझ्या मांडीवर काठोकाठ भरलेला पाण्याचा तांब्या ठेवला. "आता ऊठ बघू!"

मिरजेच्या मॅचनंतर मी कमरेपासून खाली चिंब भिजलेला. सुभेदार कुणाला तरी सांगत होते, "आज मॅच लय चांगली झाली. पाच तांबे!"

*

लढाईमुळे रबर मिळेना. बॉलमधला ब्लॅडर फुटला की सायकलवाल्याकडून ठिगळ लावून आणायचो. ठिगळावर ठिगळ बसून बॉल एका अंगाला फुगला. जमिनीवर आपटला की डावीकडे पळायचा. पोरांना त्याचीच सवय झाली. मग साताऱ्याला गेलो, तिथं बॉल नवाकोरा. आम्ही सडकून हरलो.

"काय झालं रे?" मी चिडून विचारलं.

बाळू घाम पुसत म्हणाला, "आवं सर, त्यो बॉल सरळच उडतोय! कसं खेळायचं?"

*

दर जूनला मी बढतीसाठी प्रिन्सिपॉलसाहेबांपुढं उभा राहायचो. दर जूनला ते म्हणायचे, "पुढच्या वर्षी बघू." अशी चार वर्षं गेली. मग सुभेदारांना पलटणीनं परत बोलावून घेतलं आणि जागा रिकामी झाली!

"यंदा सातारा आपल्याकडे येतोय. त्यांना हरवा," साहेब म्हणाले, "लगेच हेड कोचची ऑर्डर देतो. मात्र मला कोच हवा, नशीबवान माणूस नको. पोरांना तुम्ही काय शिकवलंत ते दिसलं पाहिजे."

मॅच सुरू झाली. साताऱ्याचा कॅप्टन बॉल घेऊन आला की आमचा बाळू बाजूला सरकून त्याला चक्क वाट द्यायचा! हाफ टाइमला मी त्याला धरलं.

"बाळ्या, अरे अडव की त्याला!"

"सर, दाजी हाईत त्ये माजं. आमची अक्का दिलीया त्यास्नी. दाजींच्या हातातलं हिसकावून घिऊ व्हय?"

"माझी नोकरी आहे रे त्याच्यावर!" मी अक्षरशः हात जोडले.

बाळूचा चेहरा पडला. "बगतो, सर."

शेवटचं मिनिट. एकवीस-एकवीस. दाजी बॉल घेऊन सुटले. बाळू आडवा गेला, खांद्याला खांदा लागला आणि एका हिसक्यात त्यानं बॉल काढून घेतला! मी ओरडलो, "पळ!" पण बाळू जागचा हलला नाही. बॉल डाव्या बगलेत मारला, वाकला आणि भर मैदानात दाजींच्या पाया पडला. दाजी थबकले. सवयीनं त्यांनी दोन्ही हात बाळूच्या डोक्यावर ठेवले. त्या हातांखालूनच बाळूनं बॉल आमच्या पोराकडे फेकला. त्यानं तो रिंगमध्ये घातला आणि शिट्टी झाली! मी कुणाकुणाला मिठ्या मारल्या, आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला आणि बाळूला बोलावलं. टेबलावर टाइप केलेली ऑर्डर, फक्त सही बाकी. साहेबांच्या हातात उघडं पेन.

"बाळासाहेब, काय युक्ती केलीत! आधी नमस्कार, मग पास! वा!" साहेब खूश होते. "ही कोचसाहेबांनीच शिकवली ना?"

मी बाळूकडे बघितलं. डोळ्यांनी खुणावलं, भुवयांनी खुणावलं, गड्या, एकदा हो म्हण!

बाळू कानापर्यंत लाल झाला.

"त्यात शिकवायचं काय, सर?" तो म्हणाला. "थोरल्या माणसाला धक्का लागला की पाया पडत्यात!"

साहेबांनी पेनाला टोपण लावलं.