तीन प्रतींतला माणूस

सैन्याबद्दल जनतेला काय सांगायचं हे ठरवणाऱ्या खात्यानं या गृहस्थांना इंदापुरात आणून बसवलं होतं. मी तिथल्या पोस्टात कारकून. रोज अकराला ते लाखेनं बंद केलेलं पाकीट घेऊन यायचे. आत बाजारच्या दिवशी कर्ण्यावरून वाचायचा मजकूर असे, तीन प्रतींत, वरच्या मंजुरीसाठी. मंजुरी येईपर्यंत दोन बाजार उलटलेले असत. "चहा घेणार का?" विचारलं तरी आधी मागंपुढं बघत आणि मग म्हणत, "तूर्त नकार नाही." देश सुरक्षित होता तो बहुधा यांच्यामुळेच.

एकदा बाजाराला भाजी घेऊन आलेली सणसरची म्हातारी खिडकीशी आली. मुलगा फौजेत, चार महिने पत्र नाही; दर बाजाराला विचारून जायची. मी पाकीट घेऊन आलेल्या या साहेबांकडं बोट दाखवलं. तिनं मुलाच्या जुन्या पत्राचं पाकीट त्यांच्यापुढं धरलं.

साहेबांनी घसा साफ केला. "सीमेवर सर्व काही ठीक आहे. जवानांचं मनोबल उत्तम आहे."

"सीमेचं न्हाय इचारलं, सायेब. माज्या बाळूचं इचारलं."

साहेबांनी त्या दिवशीच्या टपालानं आलेला मंजूर मजकूर खालीवर पाहिला. त्यात बाळू नव्हता.

दुसऱ्या दिवशी पाकीट आलं नाही. आलं एक साधं पोस्टकार्ड, बाळूच्या पलटणीच्या पत्त्यावर. पोस्टातली माणसं कार्डं वाचतात, मीही वाचलं. "आईला पत्र टाक. दर बाजाराला खिडकीशी उभी असते."

साहेबांच्या हातून वेळेवर निघालेला तो पहिलाच मजकूर. खाली त्यांनी सवयीनं लिहिलं होतं : 'प्रसिद्धीसाठी नाही.'